हौशीराम दांगटच्या शेजारची खुर्ची

१

पोलिसातली तीस वर्षांची नोकरी संपवून हवालदार सयाजी भोर कळंबला घरी आले, त्याला दोन महिनेही झाले नसतील, तोच नानासाहेब इंदोरे त्यांच्या ओट्यावर येऊन बसले. नानासाहेब म्हणजे नवघोड पतसंस्थेचे चेअरमन. संस्थेतला एक वसुली कारकून लोकांच्या ठेवी घेऊन पसार झाला होता. ज्या गावात माणसं नानासाहेबांना थांबून रामराम घालायची, तिथंच आता त्यांना बघून बाजूच्या गल्लीत शिरायची.

“सयाजीराव, चोर पकडायचं काम लई केलं तुमी,” नानासाहेब म्हणाले. “आता चोर घरात यायच्या आधी वळखायचं काम करा.”

सयाजींना ते काम मनापासून आवडलं. नोकरीसाठी अर्ज आला की ते एम-एटीला किक मारायचे आणि उमेदवाराच्या गावी जाऊन धडकायचे. पोलीस ठाणं, आधीचा मालक, किराणावाला, शाळेचा हेडमास्तर, कुणाला सोडायचे नाहीत. त्यांनी स्वतः आखलेला नऊ रकान्यांचा एक फॉर्म होता. गुन्हा, कर्ज, जामीन, व्यसन, आधीची नोकरी का सोडली, गावात नाव कसं आहे, असं सगळं त्यात यायचं, आणि शेवटी शेरा. तीन वर्षांत त्यांनी सात जणांना उंबऱ्याबाहेरच अडवलं होतं. त्यातले दोघं पुढं दुसरीकडं रीतसर बेड्या घालून गेले, तेव्हा सयाजींनी बायकोला मुद्दाम पेपर वाचून दाखवला होता.

एका उमेदवारासाठी मात्र ते उलट भांडले होते. जुन्नरची शीला भालेराव. तिचा नवरा एका फायनान्सवाल्याचं कर्ज बुडवून परागंदा झाला होता आणि डायरेक्टर म्हणत होते की असल्या घरातली बाई नको. सयाजींनी कर्जाचे कागद स्वतः पाहिले. शीलाची सही कुठंच नव्हती. “नवऱ्याचा दोष बाईच्या माथी मारायचा असंल तर माझा फॉर्म फाडून टाका,” असं ते भर मीटिंगमध्ये बोलले होते. शीलाला नोकरी लागली. आपल्या पोरीला, आरोहीला, घेऊन ती कळंबातच खोली करून राहिली आणि तीन वर्षांत तिच्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा सापडली नाही.

२

नव्व्याण्णव सालच्या मार्चमध्ये हौशीराम दांगटचा अर्ज आला. वय एक्केचाळीस, शिक्षण बी. कॉम., अनुभव अठरा वर्षांचा. सोबत तीन संस्थांचे दाखले, तिन्ही उत्तम.

सयाजींनी तिन्ही नावं वाचली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. जुन्नरकडची एक दूध संस्था, नारायणगावची एक ग्राहक सोसायटी, आहुपे खोऱ्यातली एक मजूर संस्था. तिन्ही बंद पडलेल्या. तिन्हींत अफरातफर झालेली. आणि तिन्ही वेळा पकडला गेला तो हौशीरामच्या शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस. दूध संस्थेतला सोपान, सोसायटीतला चांगदेव, मजूर संस्थेतला रविंद्र. चांगदेव निकालाआधीच वारला. बाकीचे दोघं शिक्षा भोगून आले होते.

‘सापडला,’ सयाजी मनात म्हणाले. करून सवरून नामानिराळे राहणारे लबाड त्यांनी कमी पाहिले नव्हते.

हौशीराम घोडेगावात भाड्याच्या एका खोलीत राहायचा. सयाजी गेले तेव्हा दुपारचे पावणेतीन झाले होते. खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह, दोरीवर दोन शर्ट. भिंतीला जुनी सायकल टेकवलेली. तीन संस्था बुडवून मिळवलेल्या पैशाची एवढीशीही खूण तिथं नव्हती.

“तुमच्या शेजारी बसलेली माणसंच कशी काय चोर निघतात?” सयाजींनी थेट विचारलं.

“मलाही वाईट वाटतं साहेब,” हौशीराम म्हणाला. आवाज मऊ, बोलणं पुस्तकातल्यासारखं. “चांगली माणसं होती तिघंही. मी कोर्टातही तसंच सांगितलं.”

त्यानं सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. न अडखळता, एकही शब्द जास्तीचा न बोलता. मग तो बोलायचा थांबला आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून समोर बघत बसला. सयाजींनी खाकरून पाहिलं. तो झोपला नव्हता, डोळे उघडे होते. खोली शांत झाली आणि तेवढ्यात सयाजींच्या कानावर एक आवाज आला. कागदावर पेन चालावं तसा, खरखर, खरखर. भिंतीपलीकडून. कुणीतरी भराभर, न थांबता लिहीत होतं.

“शेजारी कोण राहतं?”

“शिक्षिका आहेत एक. पेपर तपासत असतील,” हौशीराम म्हणाला, मान न वळवता.

सयाजी उठले. बाहेर पडताना त्यांनी शेजारच्या दाराकडं नजर टाकली. दाराला बाहेरून कुलूप होतं. कडीवर कोळ्याचं जाळं होतं.

उन्हानं कान वाजत असतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि गाडीला किक मारली.

३

सोपान लेण्याद्रीच्या पायथ्याशी नारळ-दुर्वा विकायचा. जेलमधून आल्यावर गावात त्याला कुणी उभं करत नव्हतं, म्हणून इथं. उजवा हात त्यानं सदऱ्याच्या खिशात खोचून ठेवला होता आणि गिऱ्हाइकांना सुटे पैसे डाव्या हातानं देत होता.

हौशीरामचं नाव काढल्यावर तो म्हणाला, “पावणं, तुमी त्याला ठिवायला निघालाव का काढायला?”

“ठेवायचं का ते बघायला आलोय. त्यानंच तुला अडकवलं ना? खरं सांग. मी लिहून घेतो.”

“न्हाई ओ,” सोपाननं मान हलवली. “त्येनं काय बी केलं न्हाई. तो निस्ता बसायचा.”

“मग केलं कुणी?”

“मीच आसंल. पैसं माझ्याच माळ्यावर घावलं. येक नोट खरचल्याली न्हाई. पावत्यांवर गवळ्यांच्या सह्या व्हत्या, त्या बी खऱ्या. गवळी सोता म्हणलं कोर्टात, सही आमचीच हाय, पर आमी क्येली न्हाई. पुन्याच्या तज्ज्ञानं सांगितलं, लिवनारा हात माझा.”

“आन तुला आठवत नाही?”

“दुपारी जेवून बसलो की फुडचं काय बी आठवायचं न्हाई. येकदम च्यावाला दारात. बोटं शाईनं भरल्याली.” त्यानं डाव्या हातानं एक नारळ उगाच उचलून परत ठेवला. “वकिलाला सांगितलं तर तो हसला. तुमी बी हसा.”

सयाजी हसले नाहीत, पण चिडले. गुन्हेगाराच्या तोंडून असल्या सबबी त्यांनी तीस वर्षं ऐकल्या होत्या. त्यांनी वही उघडून सोपानच्या पुढं धरली. “एवढंच लिहून दे, की हौशीराम दांगटबद्दल तक्रार आहे. दोन ओळी.”

सोपान असा मागं सरला, की त्याच्या पाठीमागची दुर्वांची टोपली कलंडली.

“लिवायला नका सांगू राव,” तो म्हणाला. “सुरू झालं का थांबत न्हाई.”

४

मीटिंगला अकरा डायरेक्टर होते आणि पंखा एक. सयाजींनी फॉर्म ठेवला. दोषाचे रकाने कोरे होते, कारण लिहायला काही नव्हतं. शेऱ्यात मात्र त्यांनी लिहिलं होतं, ‘नेमू नये.’

“कारण?” नानासाहेबांनी विचारलं.

“तीन ठिकाणी हा बसला, तिन्ही बुडाल्या.”

“ह्यानं बुडवल्या?”

“नाही.”

“पोलिसात नाव?”

“नाही.”

“कर्ज? दारू? बाई?”

“नाही.”

“आवं मग शेजारचा मानूस चोर निघाला, ह्यो काय ह्याचा गुन्हा झाला का?” एक डायरेक्टर बोलला. “उलट तिन्ही डाव हाच सच्चा ठरला की.”

सगळे हसले. सयाजींचे कान तापले. त्यांनी सोपानच्या दुपारींबद्दल सांगायला सुरुवात केली आणि आपण काय बोलतोय ते आपल्याच कानांना ऐकू येताच अर्ध्यात थांबले. कुलूपबंद खोलीतल्या आवाजाबद्दल तर त्यांनी तोंडच उघडलं नाही.

“सयाजीराव,” नानासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुमचाच फॉर्म हाय. तुमीच म्हन्ता, जे रकान्यात न्हाई ते बोलू नगा. दोष दाखवा, आत्ता अर्ज फाडतो.”

दोष दाखवता आला नाही. एप्रिलच्या पहिल्या तारखेला हौशीराम कामावर रुजू झाला. संस्थेत टेबलं दोनच होती, एकमेकांना चिकटून. एकावर शीला बसायची.

५

“काका, तुम्हीच ना म्हणायचात, कागदाबाहेर जाऊन माणसाला नावं ठेवू नयेत?” शीला म्हणाली. ती संध्याकाळी घरी भाकऱ्या थापत होती आणि सयाजी दारात पाटावर बसले होते. “दांगटसाहेब कधी वर मान करून बघत नाहीत. चहासुद्धा मागत नाहीत. त्यांच्या आधी त्या टेबलावर होता तो कसा बघायचा, सांगू का?”

“दुपारचं काय करतेस तू? जेवल्यावर?”

“काम करते. दुसरं काय करणार?”

“काल दुपारी काय काम केलंस?”

शीलाचा हात परातीत थांबला. ती बराच वेळ आठवत राहिली. मग तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तशी ती दचकली आणि एकदम वैतागली. “काका, तुम्ही मला नोकरी लावलीत, उपकार आहेत. पण म्हणून रोज येऊन माझी उलटतपासणी घ्यायची का? आधीच लोक बोलतात. चौकशीवाला हवालदार सारखा हिच्याच दारात का येतो, म्हणून.”

सयाजी उठून चालू लागले. त्यांना राग आला होता, पण कुणाचा ते ठरवता येत नव्हतं. वाटेत त्यांच्या लक्षात आलं, भाकरी थापताना पिठानं हात पांढरे झाले होते, तरी शीलाच्या उजव्या हाताची बोटं पेरापर्यंत निळी दिसत होती.

६

आता पेट्रोलचे पैसे कुणी देणार नव्हतं. तरी सयाजी स्वतःच्या खर्चानं आहुपेला गेले. डिंभे धरणाच्या कडेकडेनं रस्ता संपता संपत नाही. वरती देवराईजवळ एका पायवाटेला रविंद्रचं घर होतं. त्याची आई साळुबाई अंगणात शेणाचं पाणी कालवत बसली होती. भरदुपारी, उन्हात.

“बोलनार न्हाई तो,” ती म्हणाली. “बगून जा हवं तर.”

आतल्या खोलीत अंधार होता. डोळे सरावायला वेळ लागला, पण आवाज आधीच आला. खरखर, खरखर. रविंद्र भिंतीकडं तोंड करून उभा होता. चाळिशीतला माणूस, हाडं वर आलेली. हातात चुलीतला कोळसा. तो भिंतीवर लिहीत होता आणि त्याची मान मात्र बाजूला खिडकीकडं वळलेली होती. हात काय करतोय, ते तो बघतच नव्हता.

सयाजी जवळ गेले. भिंत सह्यांनी भरली होती. शेकडो सह्या. मोडीतल्या, इंग्रजीतल्या, थरथरत्या म्हाताऱ्यांच्या, नुकत्या शिकलेल्या बायांच्या. एकही सही दुसरीसारखी नव्हती.

“रोज सारवते, रोज भरतो,” साळुबाई दारातून म्हणाली. “येकदा हात बांधून ठिवला, तर रातभर कुनी मारल्यावानी ओरडला.”

“कोण आहेत ही माणसं?”

“आमाला काय ठावं? आमच्याकडली न्हाईत.”

सयाजी वाचत गेले. हवालदारकीत हजारो सह्या पाहिल्या होत्या, डोळा सवयीनं फिरत होता. खांद्याच्या उंचीवर एके ठिकाणी तो थांबला. शीला भालेराव. खाली दोन रेघा, शीला मारायची तशाच, एक आखूड, एक लांब, आणि लांब रेघेच्या टोकाला टिंब.

शीला नावाच्या भालेराव काय एकच आहेत, असं त्यांनी मनाशी म्हटलं. रेघा तर पुष्कळ जण मारतात. रविंद्र कधी कळंबला आला असेल, कुठं काही पाहिलं असेल. पण तो जेलमधून सुटला तेव्हापासून या खोलीबाहेर पडलेला नाही, हे साळुबाईनं न विचारता सांगितलं.

त्यांनी बोटानं सही पुसली. कोळसा अजून गरम होता.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ते संस्थेत शिरले. वैशाखातलं ऊन. लाइट गेलेली, पंखा बंद. बाहेरच्या बाकावर शिपाई घोरत होता. काउंटरच्या जाळीतून आत पाहिलं आणि त्यांचे पाय जागीच थांबले.

हौशीराम खुर्चीत ताठ बसला होता. दोन्ही हात टेबलावर उताणे. त्याच्या पुढ्यात काही नव्हतं, कागद नाही की पेन नाही. शेजारी शीला लिहीत होती. तिचा हात रजिस्टरवर इतक्या वेगानं फिरत होता, की बांगड्या वाजायच्याही राहिल्या होत्या. आणि तिचा चेहरा जाळीकडं, थेट सयाजींकडं वळलेला होता. डोळे उघडे. त्या डोळ्यांत ओळख नव्हती, झोप नव्हती, काहीच नव्हतं.

“शीला,” त्यांनी हाक मारली.

हात थांबला नाही. पण हौशीरामच्या उताण्या हाताची बोटं हलली. एकदा मिटली, पुन्हा उघडली. आणि त्याच क्षणी शीलानं पान उलटलं.

सयाजी काउंटरचं फळकूट उचलून आत घुसले आणि त्यांनी तिच्या हातातलं पेन हिसकलं. शीला किंचाळली. मग इकडंतिकडं पाहत, भानावर येत म्हणाली, “काका! काय करताय तुम्ही? हात धरता माझा? ऑफिसात?”

शिपाई धावत आला. रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावली.

“साहेब, आपण बसा,” हौशीराम मऊ आवाजात म्हणाला. “ऊन फार आहे. पाणी आणायला सांगू का?”

रजिस्टरच्या उघड्या पानावर शाई ओली होती. सयाजी वाकून बघणार, तोच शीलानं ते मिटून छातीशी धरलं आणि त्यांना दाराकडं बोट दाखवलं.

८

नानासाहेब खूप बोलले. बाईमाणसाचा हात धरला म्हणून बोलले, संस्थेची अब्रू घालवली म्हणून बोलले. सयाजी ऐकून घेत होते. एकाच गोष्टीनं त्यांचं डोकं भणभणत होतं. आयुष्यभर ज्या पद्धतीवर विश्वास ठेवला, ती पद्धत दोष असलेल्या माणसालाच बाहेर काढू शकते. हौशीरामला दोषच नव्हता. तो इथंच राहणार होता. मग बाहेर काढता येईल असं माणूस एकच उरत होतं.

दोन दिवस त्यांनी जेवण टाकलं. तिसऱ्या दिवशी संस्थेत जाऊन नानासाहेबांना सांगितलं, “शीला भालेरावची फेरचौकशी केलीय. तिनं एक गोष्ट लपवली व्हती. नवऱ्याच्या कर्जाला ती जामीन हाय.”

हे धादांत खोटं होतं. तीस वर्षांत त्यांनी कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. पण नोकरी गेली तर दुसरी मिळेल, असं त्यांनी मनाला बजावलं. पोर आईविना राहण्यापेक्षा आई बेकार असलेली बरी.

नानासाहेबांचा चेहरा उतरला. “लेखी द्या,” ते म्हणाले. “शीलाबाई आज पोरीला घिऊन मंचरला दवाखान्यात गेल्याती. त्यांच्याच जागंवर बसून लिवा. मी जरा सोसायटीत जाऊन येतो.”

दुसरी रिकामी खुर्ची नव्हती. सयाजी क्षणभर घुटमळले. चार ओळी लिहायला असा किती वेळ लागणार? ते बसले. हौशीरामनं आपली खुर्ची थोडी सरकवून त्यांना कोपर ठेवायला जागा करून दिली.

त्यांनी चार ओळी लिहिल्या, सही केली, कागद घडी करून शिपायाच्या हातात दिला. उठताना गुडघे धरले होते. दाराशी आले तर चहावाला रिकामे कप गोळा करत होता आणि समोरच्या भिंतीवरचं ऊन पार वर चढलं होतं. वयानं हात मंदावला, असं म्हणत ते घरी गेले. त्या संध्याकाळी दोन दिवसांनी ते पोटभर जेवले.

९

शीला त्यांना भेटली ती आषाढात, मंचरच्या एसटी स्टँडवर. नोकरी गेल्यावर ती जुन्नरला परतली होती आणि इथल्या मार्केट यार्डात कांदे निवडायला येत होती. सयाजी रस्ता ओलांडून टाळून जाऊ पाहत होते. तीच समोर आली.

“शिव्या दे,” सयाजी म्हणाले. “माझी चूक हाय. जामिनाचं खोटं लिहिलं मी. पर तुला तिथनं काढायचं व्हतं. त्या चार ओळी—”

“चार ओळी?” शीला म्हणाली. तिच्या आवाजात राग असायला हवा होता. नव्हता. ती घाबरलेली होती. “तीन कागद होते काका. पाठपोट भरलेले. नानासाहेबांनी अकरा जणांसमोर मोठ्यानं वाचले.”

“तीन?”

“त्यात खोटं काही नव्हतं. जामिनाचं तर नावच नव्हतं.” तिनं आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. “आरोही पोटात असताना मी एकदा विहिरीवर गेले होते. कशासाठी गेले होते आणि परत का आले, ते सगळं होतं त्यात. मी काय पुटपुटले होते, तेसुद्धा. तिथं मी एकटी होते काका. ते मी माझ्या आईला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?”

जुन्नरची गाडी लागली. शीला गाडीत चढली, खिडकीशी बसली आणि गाडी सुटेपर्यंत त्यांच्याकडं बघत राहिली. उत्तराची वाट पाहत.

१०

त्याच पावली ते संस्थेत गेले आणि फाइल मागितली. अक्षर त्यांचंच होतं. ‘ळ’ची गाठ त्यांचीच, सहीही त्यांचीच. त्यांना पहिलं पानसुद्धा पुरं वाचवलं नाही.

“असा झकास रिपोर्ट तुमी आदी कदी लिवला नव्हता,” नानासाहेब म्हणाले. “डायरेक्टर लई खूश हायेत.”

“मला हे काम नको. आजपासून बंद.”

“आसं कसं? बरं, लेखी द्या मग.”

हौशीराम उठला. त्यानं शेजारची खुर्ची पुढं ओढली आणि टेबलावर एक कोरा कागद व्यवस्थित मांडून ठेवला. शीलाच्या जागी अजून कुणाला घेतलेलं दिसत नव्हतं.

“दुसरं माणूस का नाही भरलं?” सयाजींनी विचारलं. स्वतःचा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला.

“गरजच पडत न्हाई,” नानासाहेब म्हणाले. “कामं येळच्या येळी व्हत्यात.”

सयाजी काही न लिहिता बाहेर पडले. त्यानंतर ते संस्थेच्या रस्त्यानं कधी गेले नाहीत. एम-एटी विकून टाकली. नऊ रकान्यांचे उरलेले फॉर्म बंबात घातले. घरात पेन ठेवायचं नाही, असं बायकोला बजावलं आणि दुपारी जेवल्यावर तिला समोर बसवून सतत बोलत राहायला सांगू लागले. ती बिचारी शेजारपाजारचं काहीबाही बोलायची. कधी कधी चहाची वेळ झालेली असायची आणि ती काय बोलली, ते त्यांना सांगता यायचं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी अंगणात एक मुलगी उभी राहिली. ओतूरकडची, नाव स्नेहा, बी. कॉम. झालेली. नवघोड पतसंस्थेत अर्ज केला होता म्हणाली. तिच्या हातात नकाराचं पत्र होतं आणि त्याला जोडलेले चार कागद, शेवटच्या पानावर सयाजींची सही.

“भोर साहेब तुम्हीच ना?” तिनं विचारलं. “माझ्या वडलांबद्दल हे जे लिहिलंय, ते फक्त माझ्या आईला माहीत होतं. आई गेली त्याला दोन वर्षं झाली. तुम्ही आमच्या गावात कधी आला होतात?”

“बाई, मी कधीच आलो न्हाई,” सयाजी म्हणाले. “मी तुला आज पहिल्यांदा बघतोय.”

मुलीचा विश्वास बसला नाही. ती कागद पुढं करून तिथंच उभी राहिली. आणि तिच्या खांद्यावरून सयाजींना दिसलं, फाटकाशी आणखी दोघं जण येऊन थांबले होते. एक म्हातारा आणि एक तिशीचा माणूस. ते एकमेकांना ओळखत नसावेत. घर हेच का, म्हणून दोघंही भिंतीवरची पाटी वाचत होते, आणि दोघांच्याही हातात कागद होते.